बुटांची टोकं

"ओ बूटवाल्या मॅडम! थांबा... अहो, तुम्ही चुकीच्या दिशेने चालला आहात!"

मागून जीपचा हॉर्न आणि त्यावर हा आवाज. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्र्याऐंशी दिवस एकटीने रस्त्याने चालणारी मुलगी प्रत्येक हॉर्नला वळायला लागली, तर तिची मान कधीच कामातून जायची.

जीप मला ओलांडून पुढे थांबली. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक उंच माणूस खाली उतरला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, चेहऱ्यावर शाळेची काच फोडलेल्या मुलाचे भाव.

"तुम्ही मघाशी त्या पत्र्याच्या शेडपाशी झोपला होता ना? ओसरीवर? बूट बाहेर काढून?"

"मग? बूट डोक्यावर ठेवून झोपायचं होतं?"

"नाही, तसं नाही... ते भिजलेले दिसले. टोकं भिंतीकडे होती, ऊन पाठीमागून येत होतं. म्हटलं, बिचारीचे बूट वाळतील. म्हणून मी..." त्याने दोन्ही हातांनी हवेतच काहीतरी फिरवून दाखवलं. "फिरवून ठेवले."

मी खाली माझ्या बुटांकडे पाहिलं.

आता हे इथे सांगायलाच हवं. लांब चालणाऱ्या माणसाची एक सवय असते. थांबताना बूट काढले, की त्यांची टोकं पुढच्या वाटेकडे करून ठेवायची. झोपेतून उठल्यावर डोकं जाग्यावर नसतं, आभाळ भरलेलं असेल तर सूर्य कुठे ते कळत नाही, आणि सरळसोट रस्ता दोन्ही बाजूंनी अगदी सारखाच दिसतो. अशा वेळी विचार करायचा नाही. बूट जिकडे बघतायत तिकडे चालू लागायचं. त्र्याऐंशी दिवस माझ्या बुटांनी मला एकदाही फसवलं नव्हतं. आज मी उठले तेव्हा ऊन जाऊन ढग आले होते, आणि या शहाण्याने...

"किती?" मी विचारलं. "किती मागे आले मी?"

"पाच किलोमीटर. सकाळी तुम्ही पुढे जाताना दिसला होता, म्हणून आता उलट चाललेलं कळलं."

"आणि रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड कुठे गेले? एक तरी दिसला असता, तर कळलं असतं मला!"

त्याने मान खाली घातली. "ते रंगवायला काढलेत. मीच काढायला सांगितले."

बरं, फोन काढून नकाशा बघावा, तर तोही बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवलेला. बॅटरी संध्याकाळी आईशी बोलायला राखून ठेवत होते. आमच्या मातोश्रींना रोज संध्याकाळी लेकीचा आवाज ऐकल्याशिवाय घास जात नाही.

मी घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी. आणि पुढचा नदीवरचा पूल संध्याकाळी सहाला बंद होणार होता, दुरुस्तीसाठी, पंधरा दिवस. आठवडाभर त्या तारखेने माझी झोप उडवली होती. आज पूल ओलांडला नाही, तर दुसऱ्या पुलापर्यंतचा वळसा चार दिवसांचा. आणि माझ्या हाताशी जास्तीचे दिवस होते फक्त दोन. मी कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत माझं टेबल आहे. आमच्या डॉक्टर मॅडमनी शंभर दिवसांची रजा दिली, तीही 'एकशेएकाव्या दिवशी त्या टेबलावर दुसरी कुणीतरी बसलेली असेल' असं हसत हसत सांगून. त्या हसून बोलल्या की ते खरं असतं.

"बसा जीपमध्ये," तो म्हणाला. "दहा मिनिटांत शेडपाशी सोडतो. तसंही हे पाच किलोमीटर तुमच्या हिशेबात नव्हतेच ना?"

मोह झाला. खोटं कशाला बोलू? डाव्या टाचेला फोड आला होता, पाठीवर नऊ किलोचं ओझं होतं आणि जीपची सीट मऊ दिसत होती.

"नाही बसणार," मी म्हटलं. "समुद्रापासून निघाले तेव्हाच ठरवलंय. पलीकडच्या समुद्राला पाय लागेपर्यंत चाकावर बसायचं नाही. सायकलच्याही नाही."

"पण चूक तुमची नाहीच. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना!"

मी ताडताड आल्या वाटेने परत निघाले. मागे जीपचं दार आपटलं. म्हटलं, गेली ब्याद. तर पाठीमागून पावलं वाजायला लागली.

"तुम्ही कुठे?"

"चूक माझी आहे. जेवढं तुम्हाला जास्त चालावं लागेल, तेवढं मीही चालणार." त्याने जीपकडे हात केला. "ड्रायव्हरकाका, तुम्ही पुढे व्हा!"

"मी एकटीने चालतेय. एकटीने म्हणजे एकटीने."

"बरं. मग मी दहा पावलं मागून चालतो. म्हणजे तुम्ही एकट्या आणि मीही एकटा."

मला हसू आलं. पाठ त्याच्याकडे होती म्हणून बरं.

दहा पावलं मागून माणूस बोलायला लागला, की त्याला ओरडावं लागतं. शेतात काम करणारी दोन माणसं कंबर सरळ करून आमच्याकडे बघत राहिली.

"का चालताय?" मागून आरोळी आली.

"स्वेटरसाठी!" मी ओरडले.

"काय?"

"एका बाहीचा स्वेटर!"

मग सांगावंच लागलं. सातवीत मी बाबांसाठी स्वेटर विणायला घेतला होता. एक बाही झाली, कंटाळा आला. पेटी शिकायला लागले, तीन सुरांवर सोडली. पोहायला गेले, खोल पाण्यापर्यंत आले आणि घरी परतले. आमच्या घरात मला नावाने कुणी हाक मारत नाही. 'अर्धी' म्हणतात. ताईच्या लग्नात मामाने तर नवऱ्याकडच्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं, "हिचं लग्न जरा जपून ठरवा, अर्ध्या मांडवातून उठेल!" सगळे खो खो हसले. मीही हसले. आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

एवढं सगळं मी त्या अनोळखी माणसाला ओरडून सांगितलं, अगदी न्हाणीघरापर्यंत. ऐकू गेलं की नाही, ते बघायला मी वळले. दहा पावलांची पाच पावलं झाली होती.

"पुढे आलात तुम्ही," मी म्हटलं.

"शेवटचं ऐकू येत नव्हतं." तो हळूच म्हणाला. "बाबा घालतात का तो स्वेटर?"

हे आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं. "घालतात," मी म्हटलं. "वरून शाल घेतात."

शेड आली, मागे पडली. ज्या ओसरीवर सगळा घोटाळा झाला तिच्याकडे मी बघितलंही नाही. पुलापर्यंत अजून नऊ किलोमीटर. भुरभुर पाऊस आला आणि थांबला. त्याने खिशातून बिस्किटांचा पुडा काढला आणि हात लांब करून माझ्या खांद्यावरून पुढे धरला. म्हणजे आता पाच पावलांची दोन झाली होती. मी मोजली होती, पण बोलले नाही.

"तो पूल बंद करणारा माणूस तुम्हाला माहीत असेल ना?" मी बिस्कीट चावत विचारलं. "जरा पंधरा मिनिटं उशीर केला तर काय आभाळ कोसळणारेय? ऑफिसात बसून शिक्के मारणारा कुणी खडूस म्हातारा असणार."

"खडूस आहे... पण म्हातारा नाही. बत्तीस वर्षांचा आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच बंद करणार आहे तो. मी तिथला इंजिनिअर आहे."

मी थांबलेच रस्त्यात. "अय्या! मग एवढा वेळ बोलला का नाहीत? झालं की काम! करा ना पंधरा मिनिटं उशिरा बंद!"

"नाही करता येणार."

"चूक तुमची, आणि वर..."

"चूक माझीच आहे. म्हणून तर चालतोय." त्याचा आवाज पहिल्यांदाच गंभीर झाला. "सहाला पुलाचा मधला गाळा, दोन खांबांमधला तुकडा, जॅकवर उचलायचाय. खाली चाळीस माणसं उभी असतील. मागे एका पुलावर साहेबांनी एका गाडीसाठी पाच मिनिटं थांबवलं, मग आणखी एका गाडीसाठी... अंधार पडला, घाई झाली आणि एकाचा पाय गेला. तेव्हापासून सहा म्हणजे सहा. तुमचं जसं चाकाचं, तसं माझं हे."

डोक्यात तिडीकच गेली माझ्या. अर्धा किलोमीटर मी पाय आपटत पुढे चालले. आणि मग... काय सांगू, राग उतरता उतरता तो माणूस मला जास्तच आवडायला लागला. हसतमुख माणसं आयुष्यात खूप भेटतात. जिथे नाही म्हणायचं तिथे नाही म्हणणारा मात्र मी जवळून पहिल्यांदाच पाहत होते.

"मग चला की भरभर," मी म्हटलं. "पाय काय मोजत टाकताय?"

मग आम्ही खरंच सुटलो. तो माझ्या डाव्या हाताला, मी उजवीकडे. पावलांचा हिशेब दोघंही विसरलो. "समुद्रावर पोचल्यावर पुढे काय?" त्याने धापा टाकत विचारलं.

"आजचा दिवस धरला नाही, तर पंधरा दिवसांत पोचते. मग दोन दिवस उरतात माझे. ते मी फक्त झोपणार आहे. कुणी उठवलं तर त्याची कवळी बनवीन."

"माझे दात आहेत अजून."

"दिसले. मघापासून दाखवताच आहात."

तो इतका हसला, की हेल्मेट घसरून त्याच्या डोळ्यांवर आलं. मी हात लावून ते सरळ केलं. का केलं देव जाणे. हात मागे घेताना माझी बोटं त्याच्या कपाळाला लागली, आणि पुढची पन्नास पावलं आम्ही दोघंही समोरच्या ढगांकडे फार लक्ष देऊन बघत होतो.

पाच वीसला ड्रायव्हरकाका जीप घेऊन आले. सहाच्या आत त्याला फाटकावर उभं राहायलाच हवं होतं. अजून तीन किलोमीटर होते आणि माझी टाच पेटली होती.

"मला जावं लागेल," तो म्हणाला. चढताना एक पाय जीपमध्ये, एक रस्त्यावर. "तुम्ही... याल ना?"

"मागे बघत बसू नका. जा!"

जीप गेली, आणि त्र्याऐंशी दिवसांत पहिल्यांदा मला एकटं वाटलं. राग आला स्वतःचा. मग तोच राग पायांत घातला. कधी धावत, कधी लंगडत, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ओझं ढकलत मी निघाले. मनात एकच... आज नाही. आज अर्धी नाही.

पूल दिसला तेव्हा सहाला सात मिनिटं कमी होती. तो हातात लाल झेंडा घेऊन फाटकात उभा होता. खाली नदीकाठी पिवळी हेल्मेटं रांगेने. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की चाळीस माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पाऊण किलोमीटर आहे पूल," तो म्हणाला. "सात मिनिटं. पळ!"

तो मला पहिल्यांदाच 'अगं-तुगं' करत होता. पण थांबून भाव खायला वेळ होता कुठे? मी पळाले. पुलाचे कठडे मागे धावत होते, पाठीवरचं भांडं खणखणत होतं, खाली पाणी, वर वारा, आणि माझ्या तोंडून चक्क हसू फुटत होतं. पळता पळता, ओझ्यासकट, भर पुलावर! पलीकडच्या फाटकातून मी बाहेर पडले, आणि डोक्यावरच्या खांबावरचा भोंगा कर्कश वाजला. सहा.

मागे फाटक पडलं.

मी काठावरच्या दगडावर बसले. बूट काढले, मोजे काढले, फोड वाऱ्यावर धरला. पार झाले होते मी! आणि तरीही नजर नदीपलीकडेच होती. पलीकडे तो ठिपक्याएवढा उभा होता. त्याचा नंबर नाही, पत्ता नाही. विचारायला वेळच झाला नव्हता.

तेवढ्यात डोक्यावरच्या भोंग्यात खरखर झाली.

"बूटवाल्या मॅडम..."

मी दचकून वर पाहिलं. त्याचाच आवाज. नदीच्या दोन्ही काठांवर, चाळीस माणसांच्या देखत.

"मापं घ्यायच्या दुर्बिणीतून दिसतंय मला. बुटांची टोकं चुकलीत. पुढचा रस्ता तुमच्या पाठीमागे आहे. आणि... या वेळी मी हात लावलेला नाही."

मी खाली पाहिलं. बूट पुलाकडे बघत होते. त्याच्याकडे. मी विचार करून ठेवले नव्हते. त्र्याऐंशी दिवसांच्या सवयीने हातांनीच ठेवले होते, पुढे जायचं तिकडे टोकं करून.

पटकन फिरवून टाकता आले असते. हसून 'चुकलं' म्हणून हात हलवता आला असता.

मी पलीकडे बघितलं, आणि मान हलवली. नाही. चुकलेली नाहीत.

 भोंग्यातून एक मोठा श्वास ऐकू आला, आणि मागे कुणीतरी मारलेली शिट्टी.

"पूल पंधरा दिवसांनी उघडतो," तो म्हणाला. "तुम्ही... तू त्याच दिवशी समुद्रावर असशील."

मी हात वर केला. दोन बोटं दाखवली.

"दोन दिवस? ते तर झोपायला ठेवलेत ना?"

मी पुन्हा मान हलवली, जोरात. आता नाहीत.

"येताना... गाडीने यायला चालतं का?"

मी दोन्ही हात वर करून अशी उडी मारली, की फोड फुटला. कळसुद्धा आली नाही. पलीकडच्या काठावरून चाळीस जणांचा आरडाओरडा पाण्यावरून माझ्यापर्यंत पोचला, आणि मग भोंग्यातून त्याचं ओरडणं, "अरे कामाला लागा, जॅक धरा! मी... मी आलोच!"

मी मोजे चढवले. बूट उचलले, फिरवले आणि नाड्या करकचून बांधल्या. मन अजून पुलाकडेच होतं, पण समुद्र पंधरा दिवसांवर होता, आणि या वेळी मला दोन्ही बाह्या हव्या होत्या.