लाल ओळ

"माझा लेख वाचून एक बाई मरायला टेकली आहे," आलेली बाई म्हणाली. "आणि जे तिने वाचलं, ते मी लिहिलेलंच नाही."

काकूंनी आधी तिच्यापुढे पाणी ठेवलं. काकू खासगी तपासाची कामं घेत. आवाज इतका हळू की समोरचा आपोआप पुढे वाके. शेजारी निवृत्त मास्तर लॅपटॉप उघडून बसले होते. टिपणं ठेवणं त्यांच्याकडे.

आलेल्या बाईला सगळे डागवाली ताई म्हणत. घराच्या स्वच्छतेवरची तिची वेबसाइट अकरा वर्षं जुनी. हल्ली सर्च इंजिन वेबसाइटची यादी दाखवण्याआधी वरच्या चौकटीत स्वतःच जुळवलेलं उत्तर देतं. काल एका वसतिगृहातल्या सफाईवाल्या बाईने बाथरूमच्या हट्टी डागांवर उपाय शोधला. चौकटीत आलं, 'ब्लीच आणि व्हिनेगर ही जोडी वापरा.' खाली ताईच्या लेखाचं नाव. तिने दार लावून ती जोडी वापरली. आता ती ऑक्सिजनवर होती.

"लेख सकाळीच वेबसाइटवरून काढला," ताई म्हणाली. "पण चौकट अजून तेच सांगतेय. तक्रार केली तर नुसते आभार मानले. असे माझे किती लेख असतील, काकू? आत्ता कोणी बादलीत ओतत असेल."

तिने फोनवर जपून ठेवलेली लेखाची प्रत दाखवली. मधोमध ठळक लाल ओळ होती. 'खालच्या जोड्या कधीही एकत्र करू नका. विषारी वायू होतो.' खाली यादी.

"हे स्पष्टच आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी लेख मागवून घेतला आणि कॉपी करून टिपणात टाकला. मग कपाळाला हात लावला. "या यंत्राला म्हातारचळ लागलाय. बाकी सगळं आलं, लाल ओळ येत नाही. जाऊ दे, हातानेच लिहितो."

काकूंनी त्यांच्या पडद्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तासाभरात ते ताईच्या घरी होते. दारातच तिच्या सासूबाई भेटल्या. त्यांची नजर गेलेली, सगळं फोनकडून वाचून घेत.

"सूनबाईचं लिखाण मी एकही सोडत नाही," त्या म्हणाल्या. "त्या जोड्या परवाच ऐकल्या. म्हटलं, दोन्ही बाटल्या घरात आहेत, करून बघावं."

ताईचा चेहरा उतरला. "आई, त्या करायच्या नाहीत. तसंच लिहिलंय."

"कुठे लिहिलंयस? मी दोनदा ऐकलं."

ताई काकूंच्या कानाशी लागली. "हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही."

वाचक आणण्याचं काम ताईच्या धाकट्या भावाकडे होतं. तो नखं खात बसला होता.

"चौकट आल्यापासून निम्मे वाचक गेले," तो म्हणाला. "लोकांना वरच उत्तर मिळतं, आत कशाला येतील? आपण राबायचं आणि त्याने आयतं उचलायचं. पण काकू, लेखातलं एक अक्षरही मी बदललेलं नाही. ताई आधी वहीत लिहिते, ती वही काढा, ताडून पाहा."

मास्तरांनी ताडून पाहिलं. अक्षर न् अक्षर तेच.

"मग ती वेबसाइटची चित्रं काढणारी चित्रकार," मास्तर काकूंना म्हणाले. "गेल्याच आठवड्यात भांडून गेली म्हणे. पासवर्ड अजून तिच्याकडे आहे. बाहेरून येऊन घोळ घातला तिनेच."

चित्रकार बाईने फोनवर आढेवेढे घेतले नाहीत. "पासवर्ड आहे, पण मी शब्दांना हात लावत नाही. भांडण कामावरून झालं. तीन आठवड्यांपूर्वी ताईच्या भावाने एकदम बावीस पट्ट्या रंगवायला लावल्या. कशाला म्हटलं, तर म्हणे तू रंगव, प्रश्न विचारू नकोस."

काकूंनी फोन ठेवला आणि सगळ्यांना बसवलं. सासूबाईंनाही.

"मास्तर, तुमचा लॅपटॉप ठणठणीत आहे. लाल ओळ उतरली नाही, कारण ती अक्षरं नव्हतीच. ते अक्षरांचं चित्र होतं, त्या बावीस पट्ट्यांतली एक."

"म्हणजे?"

"डोळ्यांना दिसतं, फोनला वाचता येत नाही. म्हणून या आजींनी यादी ऐकली आणि इशारा ऐकलाच नाही. त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, ताई."

सासूबाईंनी नुसती मान हलवली.

"चौकटीचंही तेच झालं. इशारा तिच्यापर्यंत पोचला नाही. हट्टी डागांचा मथळा आणि खाली जोड्या, एवढंच पोचलं. त्यावरून तिने आपलं आपण जुळवलं. चित्रकार रागात होती, पण पट्ट्या तिने भांडणाआधी केल्या, आणि सांगण्यावरून केल्या." काकू भावाकडे वळल्या. "तुम्ही खोटं बोलला नाहीत. अक्षर बदललं नाही. झाकलंत. प्रत्येक लेखातला गाभा चित्रात ठेवलात, म्हणजे चौकटीला उचलता येणार नाही आणि लोकांना आत यावंच लागेल."

भावाने नखं खाणं थांबवलं. "मला वाटलं, त्याला अर्धवटच मिळालं तर ते उत्तरच देणार नाही," तो म्हणाला. "ते अर्धवटावरच बोलेल, हे डोक्यातच आलं नाही." मग घाईने, "पण ताई, शब्द परत घातलेस तर ते सगळंच घेऊन जाईल. एक वाचक उरणार नाही. मग लिहायचं कुणासाठी?"

"नेऊ दे," ताई म्हणाली. "पुरतं तरी नेईल."

तिने पहिला लेख उघडला, पट्टी काढली आणि इशारा टाइप करून लेख परत चढवला. "पुढची वाच."

तो वाचत गेला, ती लिहीत गेली. प्रत्येक लेख सासूबाई फोनवर ऐकत आणि 'आलं' म्हणत. बाविसावा होईपर्यंत चौकटीतलं उत्तर काही बदललं नव्हतं. दवाखान्यातूनही फोन नव्हता.

ताई उठली, चपला घातल्या.

"चल."

"कुठे?"

"तिच्या घरचे बाहेर बसले असतील. त्यांना सांगायचंय."

"काय सांगू मी त्यांना?"

"तू काय केलंस ते. अर्धवट नको," ताई म्हणाली. "मी शेजारी उभी राहीन."