मेढेकोटाच्या खंदकातलं पाणी

ती बादली आधी खाली ठेवा. नदीवर कुणी जायचं नाही. रश्शाला नळाचं पाणी चालतं, आणि ज्याला चालत नाही त्याने उपाशी झोपावं. हसताय? हसा. माझा मेहुणा वेन्डेलही असाच हसायचा.

गोष्ट त्याचीच आहे आणि खरी आहे. नदी आटली होती त्या सालची, एकोणीस ऑगस्टची रात्र. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचं, पिरोश्काचं लग्न. व्याही ओडोन तिसा नदीकाठचा, तोंडाने फटकळ. साखरपुड्याला चारचौघांत म्हणाला होता, "तुम्ही डॅन्यूबवाले रश्शात शेवया घालता म्हणे. मासे पुरत नाहीत का?" वेन्डेलच्या ते जिव्हारी लागलं. आपल्या गावात माशाचा रस्सा करावा तर त्यानेच. आदल्या रात्रीच्या जेवणाला व्याह्याने बोटं चाटली पाहिजेत, एवढंच त्याने मनात धरलं होतं.

रस्सा जुन्या कोळ्यांच्या रीतीने, म्हणजे नदीच्याच पाण्यात. पण काठाला गुडघाभर चिखल, आणि हाताशी पाणी होतं ते फक्त कुरुत्सांच्या खंदकात. सम्राटाविरुद्ध उठलेल्या त्या बंडखोरांनी नदी पायी उतरायची जागा राखायला मातीचा कोट घातला होता. पाणी ओसरलं तशा त्याच्या ओकच्या काळ्या मेढी उघड्या पडल्या होत्या. उत्खननाला आलेल्या वेरोनिकाबाईंनी एकेका मेढीला नंबराची पट्टी लावली होती. त्यांनी वेन्डेलला बजावलंही होतं, की वेढ्यात इथली माणसं भुकेने आणि हगवणीने मेली, जमीन गोठलेली म्हणून प्रेतं या खंदकातच लोटली. वेन्डेल म्हणाला, "बाई, तीनशे वर्षांत नदीने धुतलं असेल सगळं."

वर चार मेढी त्याने जुलैतच उपटून कोठीत वाळत टाकल्या होत्या, जळणाला. बायकोचा सख्खा भाऊ, पण सांगतो, मला त्या माणसाची किळस येते.

अंधार पडल्यावर अंगणामागे त्याने खंदकाचं पाणी भरून हंडा टांगला. कांदा, कार्प मासे, मूठभर लाल पाप्रिका मिरचीची पूड. रश्शात पळी घालायची नाही, मासा मोडतो. कडी धरून नुसता हंडा फिरवायचा, हे तुम्हाला माहीत आहे. मेढी पेटल्या तसा ओल्या केसांसारखा वास सुटला. रश्शावर करडा फेस आला. त्याने तो काढला. पुन्हा आला.

मान वर केली तर जाळापलीकडे एक माणूस बसलेला. अनवाणी. कमरेपर्यंत भिजलेला. कानशिलावर बारीक वेणी, तिला चिखल. हाताची कातडी उकडलेल्या माशासारखी सुटलेली.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

हंड्याशी आलेल्याला वाटीभर द्यायचं, ही आपली रीत. वेन्डेलला मात्र दर्प सोसवेना. हगवणीची घाण... त्याने नाक धरलं.

"पाहुण्यांचं आहे. चल, हो लांब."

माणूस उठला नाही. त्याने हात लांबवला. उकळत्या रश्शात घातला. कोपरापर्यंत. आणि ढवळलं... सावकाश... गोल.

मग तिथे कुणी नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी गाड्या वाजल्या. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? वेन्डेलने फेस काढला. हंड्याची कड फडक्याने पुसली. आणि वाढलं.

माझं पोट बिघडलेलं, मी कोरड्या पावावर होतो. म्हणून बघत होतो. पाहुण्यांनी पहिला घास घेतला, आणि टेबलावरचं बोलणं थांबलं. एकदम. दुसऱ्यांदा वाढलं... तिसऱ्यांदा. माशांचे काटेसुद्धा चावून खात होते. पिरोश्का ताट चाटत होती, हनुवटीवरून लाल ओघळ. मी तिला हाक मारली. तिने वर पाहिलं नाही.

ओडोन उठला. हंड्याशी गेला. बाही वर न करता हात आत घातला.

ढवळलं... सावकाश... गोल.

मग बोटं चाटली. एकेक करून. वेन्डेल भिंतीला टेकून रडत होता.

सकाळी लग्न लागलं. कुणाला काही बाधलं नाही, मात्र चर्चमध्येही पाहुण्यांच्या पोटातले आवाज ऐकू येत होते. जाळापलीकडच्या त्या माणसाचं सगळं वेन्डेलने मला लग्नाच्या पहाटे सांगितलं, दंडाला धरून खंदकावर नेऊन. चार मेढींची राख मी स्वतः रात्री पाहिली होती.

चारही मेढी आपापल्या भोकांत उभ्या होत्या. नंबरांच्या पट्ट्यांसकट. शेंडे जळलेले, आणि त्याखाली लाकडाला हातभर लाल तवंग माखलेला, त्यात माशांचे खवले. मी हात लावून पाहिला. तवंग अजून कोमट होता.