घर आपलंच समजा

लिस्बनच्या अल्फामा भागातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर हेंड्रिकनं विकत घेतलं, तेव्हा तिथं ग्रासिएत नावाची विधवा भाड्यानं राहत होती. सारा जन्म तिचा तिथंच गेलेला. "छप्पर दुरुस्त करायचंय, थोडे दिवस सुनेकडं जा," असं सांगून त्यानं तिला बाहेर काढलं आणि कुलूप बदललं. हिवाळ्यात ती नदीपलीकडं, सुनेच्या स्वयंपाकघरातल्या खाटेवर मेली. छपराचं एक कौलही हललं नव्हतं. हेंड्रिक खिडकीपाशी बसून ॲम्स्टरडॅमच्या कंपनीचं काम करायचा आणि इथला उजेड किती गोड आहे, हे सगळ्यांना ऐकवायचा.

पोर्तुगीजमधलं त्याला एकच वाक्य धड यायचं. दारात कुणी "येऊ का?" म्हटलं की हा म्हणायचा, "या, घर आपलंच समजा." नळवाला हसायचा. तळमजल्यावरची दोना ओदिलिया हसायची नाही.

"जपून बोलत जा, बाळा," ती एकदा म्हणाली. "ऐकणारं माणूस खरं मानून बसतं."

एका दुपारी लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग चालू असताना दार वाजलं.

"येऊ का?" बाईचा आवाज.

कानांवर हेडफोन. मान न वळवता त्यानं आपलं वाक्य फेकलं. आत कुणी आलं नाही. ओल्या लोकरीचा वास तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ॲम्स्टरडॅमच्या ऑफिसातल्या मारिटनं विचारलं, "तुझ्यामागं कोण बसलंय?"

"खुर्ची आहे ती."

"मग स्पष्ट कशी दिसते?"

माणूस तेवढा स्पष्ट ठेवून मागची खोली धूसर करायची सोय त्यानं लावून ठेवली होती. खोली धूसरच होती. खुर्ची मात्र लख्ख, आणि तिच्यावरची उशी मधोमध दबलेली.

त्यानं खुर्ची रस्त्यावर नेऊन टाकली. तर पडद्यावर तिच्या जागची भिंत लख्ख दिसायला लागली. मग टेबलाची कड. मग त्याचा स्वतःचा कान धूसर झाला. मग खांदा.

"कॅमेरा पूस रे," मारिट म्हणाली.

त्यानं पुसला.

शुक्रवारी साहेबांनी विचारलं, "हेंड्रिक आलाय का?"

"मी इथंच आहे."

"आवाज येतोय. दिसत नाहीस. खोली रिकामी आहे."

"रिकामी कुठं?" मारिट म्हणाली. "त्या बाई आहेत की."

तो धडपडत खाली आला. दोना ओदिलिया दारात शेंगा सोलत बसली होती.

"माझ्या घरात कुणीतरी आहे."

"कुणाच्या?" तिनं मान वर केली नाही.

तो गल्लीत आला. वर पाहिलं.

त्याची खिडकी उघडली. दोन सुरकुतलेले हात बाहेर आले. त्यांनी त्याचा पांढरा सदरा पिळला, झटकला आणि दोरीवर नीट चिमटा लावून टाकला.

सदऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. त्यानं तळहात पुढं केला.

थेंब पडला. तळहात कोरडाच राहिला. खालचा दगड भिजला.