शनिवारचा स्क्रू

भिलाईतल्या रुआबांध्याच्या चौकात रेणूची स्कूटर दोनदा ठसकली आणि तिसऱ्यांदा बंदच पडली... तीही नेमकी प्रफुलच्या गॅरेजसमोर! एरवी तिने देवाचे आभार मानले असते. आज मात्र तिने आधी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ वाजले होते. दहाला भिलाई-३च्या रेल्वे शेडमध्ये हजर व्हायचं होतं, आणि नोकरीवर रुजू व्हायची आज शेवटची तारीख होती.

"आज तं मंगळवार," प्रफुल हात पुसत बाहेर आला. गालातल्या गालात हसत होता मेला! "तुह्या गाडीचा वार तं शनिवार आहे ना?"

"मस्करी नको करू. दहाला जॉइनिंग आहे माही. लवकर पाह्य."

त्याने प्लग काढला. काळाकुट्ट. "पेट्रोल जास्त जाऊन राहिलं, हवा कमी," म्हणत तो सवयीने कार्बोरेटरच्या स्क्रूकडे वळला. थोडा आत... थोडा बाहेर... किक. फट्-फट्, धूर, बंद. पुन्हा तेच. त्याची ती लांब, तेलकट बोटं पाहायला तर ती दर शनिवारी यायची! आज तिला नुसतं घड्याळ दिसत होतं. नऊ पंचवीस.

रेणूच्या जिवाची तगमग होत होती. दोष स्क्रूचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे — चार महिने लपवलेलं सगळंच सांगायचं.

नऊ अठ्ठावीस.

"प्रफुल, स्क्रू सोड."

"कावून?"

"आज मी त्याले हात नाही लावला." तिचे कान तापले. "दर शनिवारी... गल्लीत थांबून मीच फिरवत होती. हेअरपिननं. इथं येता यावं म्हणून. आज नाही फिरवला. दुसरीकडं पाह्य ना!"

त्याचा हात थांबला.  मग त्याने हवा आत घेणाऱ्या एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत गमछ्याचा तुकडा, दुहेरी घडी घालून दोऱ्याने घट्ट बांधलेला.

"बाबा!" रेणूने कपाळावर हात मारला. श्यामरावांची तीस वर्षं स्टील प्लांटच्या धुळीत गेली होती. नाकाला गमछा बांधल्याशिवाय ते ड्युटीला निघत नसत. आज पोरीची पहिली ड्युटी, म्हणून गाडीच्याही नाकाला बांधला होता. तिला हसू आलं आणि रडूही.

प्रफुलने कापड काढलं, स्क्रू जागेवर आणला. एका किकमध्ये गाडी सुरू झाली. रेणूने घाईघाईने हेल्मेट चढवलं. त्याच्याकडे पाहायची हिंमतच नव्हती.

"रेणू, हेअरपिनच्या खुणा मले दुसऱ्याच शनिवारी दिसल्या होत्या. मले वाटलं, आजबी तूच..."

"मंग बोलला कावून नाही?"

"बोललो असतो तं... तू यायचीच बंद झाली असती." आता त्याचे कान लाल झाले होते. "या शनिवारी स्क्रूले हात नको लावू. मैत्रीबागले फिराले जाऊ."

"आणि रस्त्यात बंद पडली तं?"

"मी मागं बसलो राहीन ना!"

दहाला पाच मिनिटं कमी असताना ती शेडच्या फाटकातून आत शिरली. शनिवार मात्र अजून चार दिवस लांब होता.