बर्फाची अर्धी लादी

हे मी माझ्या साडूच्या, कारभारीच्या, तोंडून ऐकलंय, म्हणजे खोटं निघालं तर पाप त्याला. पण कारभारी थापा मारणाऱ्यातला नाही. तेवढं डोकंच नाही त्याला. हसताय काय, ऐका.

चोवीस मे, दोन हजार चोवीस. शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा. कारभारी जालन्यात सळ्यांच्या एका कारखान्यात मुकादम. रात्रपाळीच्या पाण्यात टाकायचा बर्फ संपला, म्हणून तो मोटारसायकलवर जुन्या जालन्याकडे निघाला. निघताना भट्टीवरचा करण अंगावर येऊन आदळला. दोन लेकरांचा बाप, कामाचा चौथाच दिवस. पाय लटपटत होते, बोलणं भलतंच, मधेच बायकोला हाका. कारभारीला वाटलं, दारू टाकून आलाय. मागं गोणपाटांवर जाऊन पड, उतरली की ये, असं खेकसून तो गेला. सोबत कुणाला ठेवलं नाही.

बर्फाची अर्धी लादी भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून त्यानं मागच्या सीटवर बांधली. परतताना कारखान्यांच्या वळणावर एक माणूस उभा दिसला. हातापायांना चिंध्या गुंडाळलेल्या, भट्टीवरचे लोक गुंडाळतात तशा. आपल्यातलाच कुणी, म्हणून कारभारी थांबला. जागा नाही म्हणाला, तर त्या माणसानं मुकाट्यानं दोरी सोडली, लादी मांडीवर घेतली आणि बसला.

थोडं अंतर गेलं. कारभारीची पाठ तापायला लागली. मांडीवर बर्फ घेतलेला माणूस मागं, आणि पाठ भाजतेय.

"करणला कुठं निजवलं, मुकादम?"

"गोणपाटावर."

"घाम येऊन राह्यला व्हता का त्याला?"

कारभारी आठवू लागला. करण आदळला तेव्हा त्याचा हात लागला होता. कोरडा. चटका बसावा असा...

"न्हाई."

"मला बी न्हाई आल्ता."

आवाज ओळखीचा होता. भट्टीवरच्या सोमेश्वरचा. दोन उन्हाळ्यांमागं त्यालाही 'चढलीय' म्हणून कारभारीनंच त्या गोणपाटांवर निजवलं होतं. एकट्याला. सकाळी चहाला उठवायला गेले, तेव्हा तो ताठ झालेला.

कारभारीनं मागं पाहिलं नाही. माफी मागावीशी वाटली...

"जल्दी चल. त्याला एकटं ठिवू नको."

कारभारीनं गाडी पिटाळली. पाठ तेवढी भाजत राहिली. गेट आलं. कारभारी उतरला. मागं कुणी नाही. लादी सीटवर. न बांधलेली.

तो धावतच गोणपाटांकडे गेला. करण बेशुद्ध पडला होता. चौघांनी त्याला उचलून मोकळ्या हवेत आणलं, कपडे काढले, अंगावर पाणी ओतलं. कुणी तोंडात पाणी घालायला गेलं, कारभारीनं तो हात धरला. बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी अडकतं. अंधारातच लादीचा एक कोपरा फोडून तुकडे त्याच्या मानेला, काखेत लावले. एकशे आठची गाडी आली. कारभारी त्याचा हात सोडायला तयार नव्हता, पण रात्रपाळी सोडून मुकादमाला जाता येईना, म्हणून चौघांतला भारत गाडीत बसला. तासाभरानं भारतचा फोन आला. डॉक्टर म्हणाले उष्माघात, पण करणनं डोळे उघडले होते.

कारभारी तिथंच खाली बसून रडला.

मग उरलेली लादी पिंपात टाकायला त्यानं दिव्याखाली गोणपाट सोडलं...

बर्फात दोन पंजे उमटले होते. मनगटापर्यंत खोल. दहाही बोटं वेगवेगळी.

त्याला वाटलं, भास. त्यानं एका पंज्यात बोट घातलं.

आतलं पाणी कढत होतं.