ऑलमेक पंक्चर

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या अन् डोक्यावर माघातलं ऊन, अशा जागी दिशाच्या स्कूटीचं मागचं चाक बसलं. गाडी ढकलत ती अकोले रस्त्यावरच्या फाट्याला आली, तेव्हा ओढणीचं टोक धुळीत लोळत होतं आणि तोंड टोमॅटोसारखं झालं होतं. एवढी शिकलेली पोर, पण टायरला हात कसा लावायचा ते कुणी शिकवलं नव्हतं.

लिंबाखाली पत्र्याचं दुकान. वर पिवळी पाटी – 'ऑलमेक टू-व्हीलर पंक्चर'. दारात पाण्याचा टब, आणि टबाशेजारी लसूण सोलत बसलेली मनकर्णा, दुकानदाराची आई.

"वाल्मिक, गिऱ्हाईक आलंय," तिनं आत हाक दिली. मग दिशाला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "उन्हाची बरी निघती गं पोरी. डोक्याला फडकं न्हाई, संगं पानी न्हाई. माठातलं घे, तोंडावर मार."

वाल्मिक बाहेर आला. कोपरापर्यंत काळे हात, पण हसणं मात्र धुतल्यासारखं स्वच्छ. नाव विचारलं, तिनं सांगितलं.

"नाव दिशा, अन् खिळा कुठं लागला ते कळलं न्हाई व्हय?"

ती उत्तर देणार, तोवर त्याची नजर स्कूटीच्या पुढच्या जाळीतल्या फायलीवर गेली. मोठ्या अक्षरात लिहिलेलं – 'ओल्मेक'.

"मॅडम, तुमची बी गाड्यांचीच लाईन हाय का?"

"का बरं?"

"फायलीवर लिवलंय की. फकस्त वरचा चंद्र राह्यला, अन् ल अर्धा झालाय." त्यानं पाटीकडं बोट केलं. "ऑलमेक. म्हंजी कुठल्याबी कंपनीची गाडी आना."

दिशा हसली. इतकी, की माठाचं पाणी नाकात गेलं.

"अहो, ते लोक आहेत. म्हणजे होते... तीन हजार वर्षांपूर्वी, मेक्सिकोत. त्यांनी काळ्या दगडाची डोकी कोरली. एकेक डोकं तुमच्या या दारातून आत जायचं नाही, एवढं."

"काळा दगड तर आपल्याकडं बी हाय."

"तसलाच. लांबच्या डोंगरातून ओढून आणायचे. गाडी नाही, चाक नाही. आणि ओल्मेक म्हणजे रबराच्या मुलखातले लोक. झाडाच्या चिकापासून रबर करायचे."

वाल्मिकच्या हातातली टायर उचकटायची टामी थांबली. "रबर हुतं... अन् चाक न्हवतं?"

"नव्हतं."

"मग पंक्चर कशाचं काढायचे बिचारे?"

त्या दिवशी घरी जाताना ती चार वेळा एकटीच हसली. आणि हसायचे दिवस काही तिचे नव्हते. संगमनेरात मावशीकडं राहून ती एका शाळेत तासावर इतिहास शिकवत होती. पंधरा दिवसांनी संस्थेच्या मंडळींसमोर पाठ घ्यायचा होता. पसंत पडला तर कायमची नोकरी, नाहीतर सामान बांधायचं आणि राजूरला घरी. तिथं वडिलांनी एक स्थळ आधीच बघून ठेवलं होतं. हे स्थळ एकदा येऊन गेलं होतं आणि तिला फक्त एवढंच विचारून गेलं होतं की, भाकरी पातळ येते का.

चौथ्या दिवशी स्कूटी परत बसली. नेमकी फाट्याच्या अलीकडं, दहा पावलांवर.

वाल्मिकनं ट्यूब काढली, हवा भरली, टबात बुडवली. गोल फिरवली. पाणी गप्प. एक बुडबुडा निघेना. त्यानं पुन्हा फिरवली. दिशा लिंबाची पानं मोजल्यासारखी वर बघत राहिली, कान मात्र लाल झालेले.

"हाय," तो हळूच म्हणाला. "लई बारीक हाय. दिसायचं न्हाई."

आणि त्यानं धडधाकट ट्यूबला मन लावून ठिगळ चिकटवलं.

मनकर्णा शेंगा फोडत होती. तिनं एकदा टबाकडं बघितलं, एकदा लेकाकडं... आणि पुढची शेंग फोडली.

"त्यांचा चेंडू असायचा रबराचा," दिशा सांगत होती. "भरीव. हात नाही लावायचा, पाय नाही. कमरेनं मारायचा. तसला एक असता ना पाठाला... पोरं जागची हलली नसती."

"चिकाचा चेंडू फुटायचा न्हाई?"

"नुसता चीक वाळला की ठिसूळ होतो. पण कुंपणावर गारवेल असते ना, तसल्या एका वेलीचा रस त्यात घातला, की चेंडू उसळी मारतो."

"म्हंजी आपलं ठिगळ चिकटवायचं सोल्युशन," वाल्मिक म्हणाला.

"हो... दोन्ही एकमेकांत मिसळायला हवं."

रस्त्यावरून दुधाचा टेम्पो गेला, तो दोघांनीही वळणापर्यंत नीट बघून घेतला.

त्यानंतरचा आठवडाभर वाल्मिक जुन्या ट्युबांच्या पट्ट्या कापून, सोल्युशन लावून, एकावर एक आवळत बसला. दिशा रोज शाळेतून येताना हवा तपासून घ्यायची. "भरल्यालीच हाय," तो म्हणायचा. "तरी बघा," ती म्हणायची. चेंडू आधी लिंबाएवढा, मग डाळिंबाएवढा, शेवटी नारळाएवढा झाला. पहिल्यांदा टाकला तर पत्र्याला जाऊन लागला. वाल्मिकला काय सुचलं, त्यानं कंबर पुढं केली. चेंडू बसला बरगडीत, आणि गडी बसला टबात.

"उठ रं मेक्सिकोच्या," मनकर्णा म्हणाली. "लगीन व्हायचंय अजून, कंबर जपून ठिव."

दिशानं त्याला हात दिला. त्याच्या हाताचं काळं तिच्या तळव्याला लागलं. मावशीच्या घरी तिनं ते जेवायच्या वेळेपर्यंत धुतलं नाही.

"पाठ न्हाई जमला तर?" निघताना त्यानं विचारलं होतं, तिच्याकडं न बघता.

"तर राजूर."

"तिकडं पंक्चरचं दुकान हाय?"

"असेल. तुमचं नसेल."

पाठाच्या दिवशी वर्गात मागच्या बाकांवर संस्थेची मंडळी बसली होती. दिशानं चेंडू सोडला. तो उसळला आणि थेट अध्यक्ष आप्पासाहेबांच्या मांडीत जाऊन पडला. आप्पासाहेबांनी चेंडू हातात फिरवून बघितला.

"हे लोक स्वतःला ओल्मेक म्हणायचे?"

खोटं सांगता आलं असतं. "माहीत नाही सर," ती म्हणाली. "ते नाव मागाहून दुसऱ्यांनी दिलं. ते स्वतःला काय म्हणायचे, ते कुणालाच ठाऊक नाही."

म्हातारा गालात हसला. "माहीत नाही म्हणणारा मास्तर बऱ्याच दिवसांनी भेटला." आणि त्यानं चेंडू पोरांकडं टाकला.

सहा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. तासभर आधीच सुटून ती फाट्यावर गेली... आणि गाडीवर बसल्या जागी थिजली. दुकानावर पाटी नव्हती. दोन खिळे तेवढे राहिले होते.

"काकू, दुकान... बंद केलं?"

मनकर्णा गहू निवडत होती. "बंद कशानं हुतंय. पाटी खराब झाली म्हनून रंगवायला गेलाय. चांगली हुती, मी म्हनलं. ऐकतो का."

तेवढ्यात वाल्मिक आला, पाटी डोक्यावर धरून. तिला बघितलं आणि पाटी छातीशी उलटी धरून उभा राहिला.

"राजूर?" त्यानं विचारलं.

तिनं पत्र पुढं केलं. काळे हात लागू नयेत म्हणून त्यानं ते लांबूनच वाचलं, दोनदा. मग पाटी सुलटी केली. ओल्या रंगात लिहिलेलं होतं – 'ओल्मेक टू-व्हीलर पंक्चर'.

दिशानं पाटी एकेक अक्षर करत वाचली.

"वरचा चंद्र पुसला?"

"आता पाटीवर कशाला पायजे," तो तिच्याकडं बघत म्हणाला.

ती खाली बघून हसली. "आणि गिऱ्हाईकांनी विचारलं, ऑल मेक नाही का आता, तर?"

"सांगीन... एकच ठरवलीय." मग आवाज आणखी उतरला. "तिनं हो म्हनलं तर."

"पाठ पसंत पडलाय म्हणावं," दिशा म्हणाली. "आणि मास्तरीणबाईंना पंक्चरवाला."

ओल्या पाटीचा रंग त्याच्या सदऱ्याला लागला होता, ते दोघांनाही दिसलं नाही. मनकर्णाला दिसलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर नीट केला.

"हे बघ पोरी," ती म्हणाली, "उद्यापास्नं चाकाची हवा काढून येऊ नगंस. तशीच येत जा."