तीनचा डोस

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी प्रुफं तपासतो. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधतोय, खोटं लिहिलेलं मला लांबून दिसतं. म्हणून एवढंच सांगतो, की यात एक स्वल्पविरामही मी पदरचा घातलेला नाही.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. कुत्री रडत नव्हती. लखलखीत दुपार होती, गुरुवार, तीन नुकतेच वाजून गेले होते. जागा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर. तिसरा मजला, रस्त्याकडची खोली. खाली दुचाकी दुरुस्तीचं दुकान, त्याची ठोकठोक दिवसभर वर यायची.

त्या दुपारी ती येत नव्हती...

पण आधी दाजी कोण होते ते सांगतो. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, कादंबरीकार. चार कादंबऱ्या छापलेल्या, चारही विसरलेल्या. लिहिण्यापेक्षा वाचण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. जगभरातल्या कादंबऱ्या भिंतभर लावलेल्या, आणि जिथे जिथे कोणी मरतं तिथे तिथे कागदाची पट्टी. एकशे सतरा पट्ट्या. मी एकदा मोजल्या होत्या, मला मोजायची खोड आहे.

थंड देशातले लेखक माणसाला तीस पानं मारतात, समुद्रकाठचे दोन ओळींत उरकतात, असं ते म्हणायचे. पण सगळे फसलेले. का, तर लेखक खुर्चीत बसलेला आणि मरणारा पलंगावर.

"मध्ये दोन हात अंतर असतं रे भिंगा," ते मला म्हणाले. भिंग हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. "त्या दोन हातांत सगळे मार खातात. मी नाही खाणार."

आणि त्याच वर्षी ताईचं दुखणं कमरेच्या हाडातलं, बरं न होणारं निघालं.

दाजींना वाईट वाटलं नाही असं मी म्हणत नाही. वाटलं. फक्त त्याच आठवड्यात त्यांनी नवी वहीही आणली.

डॉक्टरांनी दुखणं थांबवायचं औषध दिलं होतं. बाटलीतलं, दर सहा तासांनी. दुपारचा डोस तीनचा. अडीचपासून ताईचं अंग वळायला लागायचं, आणि औषध घेतलं की ती गुंगीत जायची. दाजींची अडचण तीच. गुंगीतलं माणूस काय सांगणार?

म्हणून ते तीनचा डोस साडेतीनला द्यायचे.

मधला अर्धा तास ते विचारायचे, ती सांगायची आणि ते वहीत उतरवायचे. कुठे दुखतं, कसं दुखतं, कशासारखं नाही. "कशासारखं" ते सांगू देत नसत. उपमा म्हणजे पळवाट, असं त्यांचं मत होतं.

एकदा मी तीनला तिथे होतो. ताईने मला विचारलं, "छोट्या, किती वाजले रे?"

घड्याळ तिच्या पाठीमागे होतं. मी दाजींकडे पाहिलं.

"वाजतीलच आता," मी म्हणालो.

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

त्या संध्याकाळी दाजींनी मला ती पानं वाचायला दिली. मी घरी जाऊन दोनदा वाचली. सव्वीस वर्षांत तसं काही माझ्या हाताखालून गेलं नव्हतं. त्यानंतर मी तीनच्या सुमाराला तिकडे जाणंच बंद केलं. थांबवायला सांगावं लागलं असतं ना. मग पुढची पानं कुठून आली असती?

ताई एका मंगळवारी सकाळी गेली. दाजी तेव्हा आंघोळीला गेले होते.

"पंधरा मिनिटं रे," ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. "पंधरा मिनिटांसाठी शेवटचं पान गेलं."

पुस्तक तिथेच अडलं.

आता तो गुरुवार. ताईला जाऊन महिना झाला होता. शेवटच्या प्रकरणाचं काय करायचं ते विचारायला मी गेलो. जिना चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत कोणीतरी वाचत होतं...

आमच्या कामात जोडीने वाचायची पद्धत आहे. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची. आवाजात चढउतार नाही, भावना नाही. शब्द, मग विरामचिन्ह, मग पुढचा शब्द. लग्नानंतर ताईला ही पद्धत मीच शिकवली होती. दाजींची चारही पुस्तकं तिने अशीच वाचली होती.

"श्वास आत येतो स्वल्पविराम पण पोचत नाही पूर्णविराम."

तोच सपाट आवाज.

मी दार ढकललं.

दाजी टेबलाशी टाइप करत होते. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. खुर्चीवर कागदही नव्हता.

पण पान उलटल्याचा आवाज आला...

दाजींनी वर न बघता मला बोटाने गप्प केलं. साडेतीनला आवाज थांबला. खालची ठोकठोक एकदम सुरू झाली, कोणी कानातले बोळे काढावेत तशी.

मी पळून जायला हवं होतं. मी काय केलं ठाऊक आहे? टेबलावरची पानं उचलून वाचायला लागलो.

अप्रतिम होती.

फक्त एक चूक होती. दुखणं डाव्या बरगडीखाली लिहिलं होतं. ताईचं कमरेत होतं, पहिल्या पानापासून कमरेत. मी सवयीने दाजींना ते दाखवलं.

दाजी हसले. त्यांचा डावा हात बरगडीवर होता.

"चुकलेलं नाही ते," ते म्हणाले. "ती तिचं वाचतच नाहीये. माझं वाचतेय."

मग त्यांनी समजावलं, एखाद्या नव्या तंत्राबद्दल सांगावं तसं. शब्द आधी येतात, दुखणं मागून. आधी दोन दिवसांनी यायचं, आता त्याच दिवशी. दोन हात अंतर संपलं होतं. एकशे सतरा जणांना जमलं नाही ते त्यांना जमत होतं. तोंडावर घाम होता आणि इतका आनंदी माणूस मी क्वचित पाहिला असेल.

मी म्हणालो, दाजी, डॉक्टरांकडे चला. ते म्हणाले, पुस्तक झाल्यावर. ताईच्या बाटलीत थोडं औषध उरलं होतं, ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

"शेवटचं पान लिहून झालं की दे. आधी मागितलं तरी देऊ नकोस. पाया पडलो तरी."

मी हो म्हणालो. प्रकाशकाने तारीख धरलेली होती, हेही खरं. पण मी हो म्हणालो ते त्यासाठी नाही.

तीन आठवडे गेले. दाजी वाळत गेले, पानं भरत गेली. शेवटच्या दिवशी त्यांना बसवेना. पलंगावर ते आणि खिडकीशी मी, मांडीवर वही. बाटली खिशात.

बरोबर तीनला ठोकठोक थांबली.

ताई वाचायला लागली... पलंगाच्या उशाकडून.

मी लिहून घेत होतो. एक ओळ ती वाचायची आणि पुढच्या श्वासाला ती ओळ दाजींच्या अंगात उतरायची. हात. मग जीभ. मग पोटाच्या खाली काहीतरी, जे मी इथे लिहिणार नाही. पुस्तकात आहे.

"भिंगा," दाजी म्हणाले. "दे."

मी लिहीत राहिलो.

"पान राहू दे. दे मला."

तीन वाजून नऊ मिनिटं. मी पेन्सिल खाली ठेवली. खिशात हात घातला, बाटली बाहेर काढली. हे मी शपथेवर सांगतो. मी उठणारच होतो.

तेवढ्यात ताईने पुढची ओळ वाचली.

"खिडकीशी एक माणूस बसला आहे पूर्णविराम. त्याच्या हातात बाटली आहे पूर्णविराम. तो देत नाही पूर्णविराम."

चढ नाही, उतार नाही.

मी पुन्हा पेन्सिल उचलली. तिन्ही वाक्यं लिहून घेतली.

दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. दुखण्याबाहेर माणूस बसलेला असताना आतून कसं वाटतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळलेलं दिसत होतं.

तीन वाजून एकतीस मिनिटांनी वाचणं थांबलं. मी धावत जाऊन औषध पाजलं. ते ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला.

पुस्तक आलं. लोक म्हणतात, असं मरण कोणी लिहिलेलं नाही. प्रुफं मीच तपासली. त्या तीन वाक्यांवर दोन दिवस थांबलो. एक रेघ मारायचा अवकाश होता. नाही मारली. वाक्यं चांगली आहेत.

मला एवढंच कळत नाही, की ताईने मला बघून ते वाचलं, की तिने वाचलं म्हणून मी बसलो. मी उठणारच होतो ना? घरात कोणी नसलं की हा प्रश्न मी मोठ्याने विचारतो. माझ्याशी ती एक शब्द बोललेली नाही.

लेखक हयात नाही म्हणून वाचकांची पत्रं माझ्याकडे येतात. गेल्या आठवड्यात एका शिक्षिकेचं आलं. शेवटचं पान वाचल्यापासून झोप लागत नाही म्हणतात. एकच विचारलं होतं, तो खिडकीशी बसलेला माणूस शेवटी औषध देतो की नाही?

मी उलटटपाली कळवलं, लेखकाने ते वाचकांवर सोडलं आहे.